झटक्यापूर्वीचें चिन्ह



रोगांच्या इतिहासांत देवी, पटकी, प्लेग यांचीं नांवें ठळक अक्षरांनीं लिहिलेलीं आढळतात. एकेका साथीनें गांवेंच्या गांवें ओस पडत, तेव्हां अशा रोगांची नोंद व्हावी हें स्वाभाविकच आहे. परंतु असाहि एक रोग आहे कीं, तो साथीच्या रूपानें कधींच आला नाहीं. त्याच्या भीतीनें कोणी गांव सोडलें नाहीं. तो एका वेळीं एकाच घरांत शिरतो, आणि तेंहि त्या घरीं पाळणा बांधण्याची तयारी चाललेली असतां. गरोदर बाईचे पाय सुजतात, तोंडावर सूज येते, डोकें ठणकतें, डोळ्यांपुढें काजवे चमकतात. आणि एखाद्या रात्रीं एकाएकीं दांतखिळी बसून सर्वांगास झटके येऊं लागतात. कित्येक वेळां आई आणि मूल दोघेंहि हातचीं जातात. पूर्वी बाहेरची बाधा झाली असें समजून अंगारे-धुपारे होत, आणि सारें आटोपल्यावर बाईच्या नशिबास बोल लावून लोक गप्प बसत.

पाश्चात्य वैद्यकांत या झटक्यांस एक्लॅम्प्सिया असें नांव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकाएकीं चमकून उठणें. निरभ्र आकाशांत वीज चमकावी तसा हा रोग प्रगट होतो, अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत. पण आकाश खरोखर निरभ्र असतें काय? या रोगाचा सारा इतिहास म्हणजे ह्या एका प्रश्नाचें उत्तर होय. झटक्याच्या अगोदर कांहीं चिन्ह दिसतें कीं नाहीं, आणि दिसत असेल तर तें किती आधीं, याचा शोध शे-पावणेदोनशें वर्षें चालला आहे. तो शोध आज कोठवर आला, आणि आपल्या वऱ्हाडांतल्या बाईपर्यंत त्यांतलें काय पोंचलें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम १७३९ सालीं बॉसिये द सोव्हाज या फ्रेंच वैद्यानें हे झटके म्हणजे अपस्मार नव्हे, ही व्याधि निराळी आहे, असें दाखविलें. त्यानंतर शंभर वर्षांनीं, १८४३ मध्यें, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलांतील जॉन लिव्हर यानें झटके आलेल्या स्त्रियांचें मूत्र तापवून पाहिलें. अंड्याचा पांढरा भाग तापविला असतां गोठतो, तसा पदार्थ त्या मूत्रांत गोठलेला दिसला. सहज हातीं येणारें पहिलें चिन्ह हेंच. दुसऱ्या चिन्हासाठीं आणखी अर्धें शतक थांबावें लागलें, कारण तें मोजण्याचें साधनच नव्हतें. १८९६ सालीं इटलींत रिव्हा-रोच्ची यानें दंडास बांधावयाचा रबरी पट्टा तयार केला, आणि दुसऱ्याच वर्षीं पॅरिसमध्यें वाकेझ आणि नोबेकूर या दोघांनीं झटके आलेल्या स्त्रियांचा रक्तदाब फार वाढलेला असतो असें दाखवून दिलें. १९०५ मध्यें रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यानें त्या पट्ट्याला नळीची जोड दिली. आज गांवोगांवच्या दवाखान्यांत जो पट्टा दंडास गुंडाळतात, त्याचा जन्म असा झाला.

हीं दोन चिन्हें हातीं आल्यावर एक मोठी गोष्ट ध्यानांत आली. वीज चमकण्यापूर्वी आकाश भरून येत होतें. वर पाहणारेंच कोणी नव्हतें! झटक्यांपूर्वीं कित्येक दिवस, कधीं कित्येक आठवडे, रक्तदाब चढलेला असतो आणि मूत्रांत प्रथिन उतरत असतें. या पूर्वावस्थेस प्रीएक्लॅम्प्सिया हें नांव मिळालें. बाळंतपण हें कळा सुरू झाल्यावर पाहावयाचें प्रकरण नव्हे, आधींच्या महिन्यांतहि बाईस तपासलें पाहिजे, हा विचार एडिंबरोच्या बॅलंटाइननें १९०१ च्या सुमारास मांडला. ठरलेल्या मुदतीनें गरोदर बाईस दवाखान्यांत नेण्याची जी चाल आज सर्वत्र पडली आहे, ती मुख्यतः ह्या एका रोगानें शिकविली असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्याच काळांत वऱ्हाडांत काय चाललें होतें? १८५३ च्या तहानें निजामाचा हा सुपीक मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून तेथील कापूस मिळेनासा झाला, आणि अकोला, अमरावती, खामगांव या पेठांना सोन्याचे दिवस आले. १८६७ सालीं रेल्वे नागपुरापर्यंत पोंचली. कापसाच्या गांठींसाठीं आगगाडी इतक्या त्वरेनें आली. परंतु पडद्याआडच्या बाईसाठीं शिकलेल्या स्त्री-वैद्याची तरतूद करण्याचा विचार मात्र तिच्या मागून अठरा वर्षांनीं निघाला. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनीं १८८५ सालीं हिंदुस्थानांतील स्त्रियांस स्त्री-वैद्यांची मदत मिळावी म्हणून फंड उभारला. पुढच्याच वर्षीं, मार्च १८८६ मध्यें, डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत पदवी मिळविली; त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. फेब्रुवारी १८८७ मध्यें क्षयानें त्यांचें निधन झालें, आणि ज्या कामासाठीं त्या सातासमुद्रांपलीकडे गेल्या तें त्यांच्या हातून व्हावयाचें राहिलें. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजूनहि 'डफरीन' म्हणतात, आणि अकोल्याच्या रुग्णालयाला 'लेडी हार्डिंग'. दोन्ही नांवें परक्या राज्यकर्त्यांच्या स्त्रियांचीं; परंतु राज्य गेलें तरी नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं, कारण त्या दारांतून कोणाची तरी आई, कोणाची तरी बहीण जिवंत परत आली होती.

आतां उपचाराचा भाग. आरंभीं रक्त काढीत. पुढें रशियांतील स्त्रोगानोव्ह याच्या पद्धतीप्रमाणें बाईस अंधाऱ्या, निःशब्द खोलींत निजवून गुंगीचीं औषधें देत. खरा गुण आला तो एका साध्या क्षारानें. जुलाबासाठीं घेतलें जाणारें एप्सम सॉल्ट, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट, सुईवाटें दिलें असतां झटके थांबतात, असा अनुभव अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत आला. तरी वाद मिटला नाहीं. अखेर १९९५ सालीं नऊ देशांतील १,६८७ स्त्रियांवर केलेल्या तुलनात्मक प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या नऊ देशांत भारतहि होता. डायझेपामच्या तुलनेनें या क्षारानें पुन्हा झटके येण्याचें प्रमाण ५२ टक्क्यांनीं, आणि फेनिटॉइनच्या तुलनेनें ६७ टक्क्यांनीं कमी झालें. २००२ मध्यें ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासानें असेंहि ठरलें कीं, झटके येण्यापूर्वींच हा क्षार दिला तर ते येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. आपल्या मेळघाटाला लागून बैतूल जिल्हा आहे. तेथील पाढर या गांवच्या मिशन इस्पितळांत अंगानें लहान असलेल्या आपल्याकडील स्त्रियांस मानवेल अशी कमी मात्रेची पद्धति बसविली गेली, आणि २००९ सालीं ती 'पाढर पद्धति' या नांवानेंच वैद्यकीय जगापुढें आली. स्वस्त औषध, आडगांवचें इस्पितळ आणि डोळस अनुभव यांच्या संगमांतून काय निष्पन्न होतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

परंतु औषध सांपडलें तरी कारण सांपडलें नव्हतें. इतके तर्क पुढें आले कीं, वैद्य मंडळी या व्याधीस 'तर्कांचा रोग' असें थट्टेनें म्हणूं लागली. एक गोष्ट मात्र निश्चित होती. गर्भाशयांत मूल नसून नुसती द्राक्षांच्या घोसासारखी वार वाढली, तरीहि हा रोग होतो. आणि वार पडली म्हणजे तो ओसरूं लागतो. तेव्हां दोष मुलाचा नव्हे, वारेचा. १९६७ सालीं ब्रोझेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गर्भाशयांतल्या, वारेखालच्या रक्तवाहिन्यांचें सूक्ष्म निरीक्षण प्रसिद्ध केलें, आणि त्यानंतरच्या कांहीं वर्षांत दोषाचें रूप उघड झालें. निरोगी गरोदरपणांत या नागमोडी वाहिन्या रुंद होतात; संत्र्याच्या बागेंत बारीक दांडाचा मोठा पाट करावा, तसें रक्त मुबलक वाहूं लागतें. या रोगांत पाट होत नाहीं. दांड दांडच राहतो. वारेला रक्त कमी पडतें. पण वारेची उपासमार झाली म्हणून बाईच्या मूत्रपिंडानें, यकृतानें, मेंदूनें कां बिघडावें?

या प्रश्नाचें उत्तर आपल्याच देशांत वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या वेळीं बॉस्टनमध्यें काम करीत असलेले डॉ. अनंत करुमांची आणि त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं दिलें. तें समजण्यास थोडी प्रस्तावना हवी. शरीरांत नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या आणि जुन्या धडधाकट राहाव्या म्हणून कांहीं द्रव्यें सतत कामावर असतात. त्यांतलें प्रमुख द्रव्य १९८९ सालीं ओळखलें गेलें. त्याचें इंग्रजी आद्याक्षरांचें नांव व्हीईजीएफ. त्याचेंच एक भावंड १९९१ सालीं वारेंत सांपडलें, तें पीएलजीएफ. हीं द्रव्यें रक्तवाहिनीच्या अस्तरावरील ठराविक ग्राहकांना जाऊन चिकटतात, तेव्हां त्यांचें काम होतें. करुमांची यांस असें दिसलें कीं, या रोगांत वार त्या ग्राहकाचाच एक तुटका तुकडा रक्तांत फार मोठ्या प्रमाणांत सोडते. त्यास एसएफएलटी-१ म्हणतात. कापसाच्या गाड्या बाजारांत पोंचण्यापूर्वींच वेशीवर एखाद्या दलालानें त्या अडवून ठेवाव्या आणि बाजार रिकामा राहावा, तसा हा तुकडा वाहिनी-वर्धक द्रव्यें मध्येंच धरून ठेवतो. अंगभरच्या रक्तवाहिन्या पोषणावांचून कळाहीन होतात; दाब चढतो, मूत्रपिंडांतून प्रथिन गळूं लागतें. हा तुकडा गाभण उंदीरमादींस टोंचला तेव्हां त्यांनाहि हाच रोग झाला. कर्करोगावर व्हीईजीएफला रोखणारें औषध घेणाऱ्या रोग्यांचाहि रक्तदाब चढतो आणि मूत्रांत प्रथिन येतें, हा निराळ्याच दिशेनें आलेला पुरावा त्याशीं जुळला.

पुढच्याच वर्षीं आणखी महत्त्वाची गोष्ट कळली. हा घातक तुकडा रोग दिसूं लागण्याच्या सुमारें पांच आठवडे अगोदरच रक्तांत चढूं लागतो, आणि पीएलजीएफ तर त्याहून आधीं कमी असतें. म्हणजे झटक्यापूर्वीचें चिन्ह आतां रक्तदाबाच्याहि पलीकडे सरकलें. पुण्याच्या भारती विद्यापीठांतील संशोधकांनींहि २०१० सालीं आपल्याकडील मातांच्या रक्तांत हे घटक मोजून त्यांचा अर्भकाच्या जन्मवेळच्या स्थितीशीं काय संबंध आहे, तें तपासलें. २०१९ सालीं इंग्लंडांत एक हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासांत पीएलजीएफच्या चाचणीमुळें निदानास लागणारा काळ सरासरी चार दिवसांवरून दोन दिवसांवर आला. दोन दिवस म्हणजे फार नव्हेत, असें वाटेल. परंतु ह्या रोगांत दोन दिवसांत जन्म-मरणाचा निवाडा होत असतो.

येथवर आल्यावर या इतिहासास आणखी एक इतिहास येऊन मिळतो. १९८६ सालीं मद्रासेस आपल्या देशांत प्रथम एच्. आय्. व्ही. या विषाणूचा आढळ झाला, आणि पुढील दशकांत महाराष्ट्र हा त्याची सर्वांत अधिक झळ लागलेल्या प्रांतांपैकीं एक ठरला. पुष्कळ बायांस आपल्याला हा संसर्ग झाल्याचें कळलें तें गरोदरपणींच्या तपासणींत. पतीच्या आजाराचा उलगडाहि त्यांस त्याच दिवशीं झाला. उपचार नसतां अशा मातेकडून मुलास संसर्ग होण्याचें प्रमाण १५ ते ४५ टक्के असतें. उपचारानें तें पांच टक्क्यांच्या खालीं आणतां येतें. अर्भकास सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याचा जो प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतहि पुण्याच्या माता होत्या. २०१४ पासून भारतांत अशा प्रत्येक गरोदर स्त्रीस आजन्म औषधोपचार देण्याचें धोरण ठरलें. मूल वांचविण्याची लढाई याप्रमाणें बरीचशी जिंकली गेली.

परंतु मातेचें काय? येथें शास्त्रज्ञांना एक कोडें पडलें. वारेच्या या रोगांत मातेच्या प्रतिकारशक्तीचाहि हात असतो असें मानतात. मग ती शक्तीच विषाणूनें क्षीण केली, तर हा रोग कमी व्हावा काय? आणि औषधांनीं ती पुन्हा सशक्त झाली, तर रोगहि परत यावा काय? २००२ सालीं लंडनमधील निरीक्षण असेंच सुचवीत होतें. उपचार न घेतलेल्या स्त्रियांत तो आढळला नाहीं, घेतलेल्यांत आढळला. २००६ मध्यें बार्सिलोनाच्या वैद्यांनीं उपचार घेणाऱ्या स्त्रियांत त्याचा धोका वाढल्याचें नोंदविलें. दुसरीकडे, विषाणूचें टॅट नांवाचें प्रथिन हुबेहूब व्हीईजीएफची नक्कल करून त्याच ग्राहकाला चिकटतें, असें १९९६ सालींच दिसून आलें होतें. तेव्हां विषाणु वाहिन्यांचा तोल सांवरतो कीं बिघडवितो, हाहि प्रश्न उरला. दक्षिण आफ्रिकेंतील दरबान येथें संसर्ग झालेल्या माता फार. तेथील संशोधकांनीं २०१३ सालीं हे घटक मोजले. रोग झालेल्या स्त्रियांत घातक घटक चढलेलेच दिसले, मग त्यांना विषाणूचा संसर्ग असो वा नसो. निरनिराळ्या देशांचे निष्कर्ष आजहि एकमेकांशीं पुरते जुळत नाहींत. परंतु एक बोध निर्विवाद आहे: विषाणूवरील गोळ्या नियमानें चालूं आहेत एवढ्यावरून अशा बाईचा रक्तदाब पाहण्यांत हयगय करणें योग्य नव्हे. तिच्या गोळ्या कधींहि बंद करूं नयेत. आणि दंडाचा पट्टाहि विसरूं नये.

आतां पुन्हा वऱ्हाडाकडे वळूं. नवी रक्तचाचणी महाग आहे; परंतु जुनीं चिन्हें कोठेंहि पाहतां येतात. अमरावतीहून धारणी सुमारें दीडशें किलोमीटर. मध्यें मेळघाटाचा घाटरस्ता. तेथून गंभीर अवस्थेंतली बाई अमरावतीस, आणि पुष्कळदां पुढें नागपुरास न्यावी लागते. वाटेंत शिरेवाटें मोजून औषध सोडणारें यंत्र कोठून आणावें? या प्रश्नाचें उत्तर नागपुरांतच शोधलें गेलें. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्त्री रुग्णालय येथें २०१५ ते २०१७ या काळांत, दाब १६०/११० च्या घरांत गेलेल्या ८९४ स्त्रियांस निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा यांपैकीं एकेक औषध नुसतें तोंडावाटें देऊन पाहिलें. २०१९ सालीं 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा तासांत, कांहीं अपाय न होतां, निफेडिपिननें ८४, लॅबेटॅलॉलनें ७७ आणि मिथिलडोपानें ७६ टक्के स्त्रियांचा दाब आटोक्यांत आला. तिन्ही गोळ्या साध्या आणि स्वस्त. घाटांतल्या लहान दवाखान्यासाठीं जगांतील कोणत्याहि महाग यंत्राहून हा निष्कर्ष मोलाचा आहे.

२०१८ ते २०२० या काळांत महाराष्ट्रांतील मातामृत्यूंचें प्रमाण लाख जिवंत जन्मांमागें ३३ आणि देशाचें ९७ असें सरकारी नोंदींत आढळतें. ही प्रगति खरी आहे. पण ज्या घरांतली आई गेली, तेथें आंकडे कोणी वाचीत नाहीं. म्हणून शेवटीं आपल्या एका चांगल्या चालीविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य वाटतें. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा आपला रिवाज. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण होतें, ओटी भरली जाते आणि मुलगी माहेरीं येते. रिवाज प्रेमाचा आहे. परंतु हा रोगहि पहिल्याच खेपेस अधिक होतो, आणि त्याच महिन्यांत डोकें वर काढतो. ज्या दवाखान्यांत तिचा दाब दर वेळीं लिहिला, तो सासरच्या गांवीं राहतो; माहेरच्या डॉक्टरापुढें ती अनोळखी म्हणून उभी राहते. पूर्वी ११०/७० असलेला दाब आज १३८/८८ झाला, तर जुना कागद पाहणाऱ्यालाच त्यांतला धोका कळेल. नव्या माणसास तो जवळजवळ सर्वसाधारण वाटेल. विषाणूचा संसर्ग असलेल्या बाईची अडचण तर दुप्पट. तिच्या गोळ्या एका केंद्रांत, गरोदरपणाची तपासणी दुसऱ्या खोलींत, आणि माहेरच्या माणसांना कित्येकदां कांहींच ठाऊक नसतें. २०१७ च्या कायद्यानें तिची गोष्ट तिच्या संमतीवांचून कोणास सांगण्यास मनाई केली आहे, हें योग्यच झालें. घरांतल्यांस तिनें सांगावें कीं नाहीं, हा तिचा अधिकार. परंतु तपासणाऱ्या डॉक्टरास दोन्ही कागद एकत्र दिसले पाहिजेत.

ज्यांना पूर्वीं हा रोग झाला असेल किंवा ज्यांचा धोका अधिक असेल, त्यांस सोळाव्या आठवड्याच्या आंत, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, रोज थोडी ॲस्पिरिन सुरू केल्यास फायदा होतो. २०१७ सालच्या मोठ्या प्रयोगांत वेळेपूर्वी उद्भवणारा प्रीएक्लॅम्प्सिया तिच्यामुळें ६२ टक्क्यांनीं कमी झाला. म्हणजे नांव लवकर नोंदविणें हेंहि औषधच आहे.

लिव्हरनें मूत्र तापविलें, रिव्हा-रोच्चीनें पट्टा बांधला, करुमांचींनीं रक्तांतला तुकडा मोजला. प्रत्येकानें चिन्ह थोडें अधिक आधीं दाखविलें. आतां पाहण्याचें काम उरलें आहे, आणि तें घरापासून सुरू होतें. लेक माहेरीं निघेल तेव्हां तिच्या ओटींत नारळ, तांदूळ, खण असतीलच. पिशवींत तपासणीचें कार्ड आहे ना, एवढें विचारून मग गाडींत बसवावें. डोकें दुखतें, डोळ्यांपुढें चमकतें, तोंडावर सूज वाटते असें ती म्हणाली, तर सकाळची वाट पाहूं नये.